मॉनिटरपुरतं वाजवणं

निवृत्तीनंतर मी पुन्हा वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायला लागले आणि दीड वर्षात बारा कार्यक्रम असे केले, की ज्यांत माझा एकही सूर समोर बसलेल्या माणसांना ऐकू गेला नाही. मी आजारी नव्हते, कीबोर्ड बिघडला नव्हता, वीजही गेली नव्हती. मी वाजवत होते, मन लावून वाजवत होते. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे वाद्यवृंदाच्या सोनेरी आठवणी मागितल्या. सोनेरी आठवणी लिहिणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत, त्या त्यांच्याकडून घ्याव्यात. माझ्याकडे सध्या ही एकच आहे आणि तिचा रंग वेगळा आहे.

तरुणपणी मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आठवडाभर ट्रंककॉल जोडायचे आणि शनिवार-रविवारी एका वाद्यवृंदात ऑर्गन वाजवायचे. त्या काळी स्टेजवरची बाई म्हणजे गाणारी, हे लोकांनी धरूनच चाललेलं असे. वाजवणारी बाई दिसली की ते आधी साडी बघत आणि मग बोटं. आमचे मास्तर, म्हणजे वाद्यवृंदाचे चालक, यांना मात्र बाई-बुवा सगळे सारखे. तालमीत चुकलं की ते हातातली पेन्सिल फेकून मारत. त्यांचा नेम चांगला होता आणि माझ्या कपाळाने तो बऱ्याचदा अनुभवला आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, कीबोर्डवाला गाणाऱ्याच्या मागे सूर धरून उभा असतो. तसं नाही. दोन कडव्यांच्या मधे जे संगीत असतं, त्याला आम्ही पीसेस म्हणतो, आणि ते वाजवणं हे त्याचं खरं काम. मूळ गाण्यात तिथे व्हायोलिनचा ताफा असतो, बासरी असते, कुठे सतार असते. ते सगळं एका माणसाने दोन हातांनी भागवायचं. शिवाय गाणं सुरू होण्याआधी जो पहिला पीस वाजतो, त्यावरूनच लोक गाणं ओळखतात आणि सभागृहातून 'आऽऽह' असं येतं. तो 'आऽऽह' वाजवणाऱ्याचा असतो. गायक मागाहून येतो आणि तो आपल्या नावावर करून घेतो, पण आम्हाला माहीत असतं.

दुसरी गोष्ट पट्टीची. प्रत्येक गळ्याची पट्टी वेगळी, कोणाची काळी एक, कोणाची काळी चार. त्यातून गायक स्टेजवर चढता चढता कानात सांगणार, "आज घसा बसलाय हो, अर्धा सूर खाली घ्या." त्याचा अर्धा सूर खाली जातो, पण वाजवणाऱ्याच्या बोटांचा अख्खा रस्ता बदलतो. आम्ही तो बोटांनीच बदलायचो. हल्लीच्या कीबोर्डवर त्यासाठी ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. ते दाबलं की बोटं जुन्याच जागी पडतात आणि सूर मात्र नव्या पट्टीत निघतात. आम्हा जुन्यांच्या लेखी हे बटण वापरणं म्हणजे परीक्षेला गाइड घेऊन बसणं. ते वापरणाऱ्यांना मी तोंडावर हसले आहे.

पुढे लग्न झालं, मुलं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. वाजवू नकोस असं मला कोणी म्हटलं नाही. एका रविवारी जमलं नाही, मग पुढच्या रविवारी जमलं नाही, आणि मग लोकांनी विचारणंच बंद केलं. मधली पंचवीस-तीस वर्षं अशी गेली. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, पण रेडिओवर ओळखीचा पीस लागला की भाजी चिरता चिरता माझी बोटं ओट्यावर चालायची, एवढं खरं.

निवृत्तीनंतर श्रीकांतचा फोन आला. श्रीकांत आमच्या जुन्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचा. आता त्याचा स्वतःचा ग्रुप आहे, तो थोडंफार गातो आणि कार्यक्रम मिळवतो.

"उज्ज्वला, ये परत," तो म्हणाला. "हल्लीच्या पोरांना पीसेस येत नाहीत गं. लॅपटॉपवर ट्रॅक लावतात आणि गातात. आपल्या वेळची मजाच नाही."

ट्रॅक म्हणजे गायकाचा आवाज वगळून बाकी सगळं संगीत ज्यात तयार भरलेलं असतं तो. लॅपटॉपवर कळ दाबली की व्हायोलिनं, बासऱ्या, तबले सगळे हजर. कोणी उशिरा येत नाही, कोणी चहा मागत नाही. श्रीकांत म्हणाला, ट्रॅक असेल, पण त्याच्यावर तू लाइव्ह वाजवायचंस, आणि काही गाणी तर पूर्ण लाइव्ह. मी दोन दिवस विचार करण्याचं नाटक केलं आणि हो म्हटलं. नवा कीबोर्ड घेतला. रोज सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास बसायला लागले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सकाळी आखडलेली असायची, ती कोमट पाण्यात बुडवून सोडवून घ्यायचे. माझे यजमान म्हणाले, "एवढी मेहनत तुम्ही खात्याच्या परीक्षेलाही केली नव्हती." ते खरं होतं. मला पुन्हा ऐकलं जायचं होतं. याहून मोठी इच्छा त्या वयात मला दुसरी नव्हती, आणि ती सांगायला मला लाजही वाटत नाही.

पहिला कार्यक्रम मार्केट यार्डाजवळच्या एका सभागृहात, ज्येष्ठ नागरिकांसमोर झाला. तिथे मी चूक केली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

श्रीकांतने स्वतःचं एक गाणं दीड सूर खाली मागितलं. त्या पट्टीचा ट्रॅक नव्हता, म्हणून गाणं लाइव्ह होतं. माझ्या बोटांचा मला भरवसा वाटेना आणि ज्या बटणाला मी आयुष्यभर हसले, तेच गुपचूप दाबलं. गाणं छान झालं. टाळ्या पडल्या, त्या ऐकून मी सुखावले आणि बटण मूळ जागी आणायला विसरले. पुढचं गाणं मानसीचं. मानसी आमची मुख्य गायिका, खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, गळा गोड आणि डोकं तयार. तिचा ट्रॅक सुरू झाला आणि मी पूर्ण जोरात, दीड सूर खालून, त्याच्यावर कोसळले. ट्रॅक एका पट्टीत, मी दुसऱ्या. ज्यांना सुरातलं काही कळत नाही त्यांनीसुद्धा तोंड वाकडं केलं.

मानसी थांबली आणि माइकवरच म्हणाली, "काकू, स्केल!"

लोक हसले. गाणं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. कार्यक्रम संपल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके काकू, चिल." श्रीकांत म्हणाला, "होतं असं." मास्तरांची पेन्सिल कपाळाला लागली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या बारा कार्यक्रमांत माझी एकही चूक कोणी काढली नाही.

मला वाटलं, मी सुधारले. दुसरं काय वाटणार? पूर्ण लाइव्ह गाणी श्रीकांतने बंद केली होती, प्रत्येक गाण्याला ट्रॅक असायचा, आणि मला ते सोयीचंच वाटलं. कधी बोट घसरायचं, कधी पीस अर्ध्या मात्रेने मागे पडायचा, पण मानसी वळूनही बघायची नाही आणि लोकांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. मी मनाशी म्हणायचे, चूक आपल्याला जेवढी मोठी वाटते तेवढी ती नसते. वाढत्या वयाने माणूस स्वतःला माफ करायला शिकतो, वगैरे. असले सुविचार मी त्या काळात मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेही आहेत.

त्या कार्यक्रमांपैकी एक मार्केट यार्डातल्या एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा होता. त्यांना एकच गाणं तीनदा हवं होतं, कारण पहिल्यांदा वाजलं तेव्हा आजीबाई जेवत होत्या आणि दुसऱ्यांदा झोपल्या होत्या. खराडीच्या एका ऑफिसात आम्ही वाजवत असताना सगळे पाठ करून जेवणाच्या रांगेत उभे होते आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक मुलगी मधेच येऊन म्हणाली, "मॅम, थोडं अपबीट होईल का? एनर्जी ड्रॉप होतेय." कोथरूडच्या एका कार्यक्रमानंतर माझ्याच वयाच्या एक बाई डोळ्यांत पाणी आणून स्टेजपाशी आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमचा! ती व्हायोलिनची जागा ऐकताना अंगावर काटा आला." मी त्या रात्री झोपले नाही. त्या बिचारीने लॅपटॉपचं कौतुक केलं होतं.

माझे यजमान फक्त एका कार्यक्रमाला आले. परत येताना मी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं. पण तुमचं काही ऐकू आलं नाही."

"अहो, सगळं सभागृह ऐकत होतं. तुम्ही कान तपासून घ्या."

ते शांत माणूस. खरोखरच जाऊन कान तपासून आले. डॉक्टरांनी वयाच्या मानाने उत्तम म्हणून सांगितलं. तो कागद त्यांनी फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवला आणि पुढे त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मी तो कागद रोज दूध काढताना बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणसाला जे ऐकायचं नसतं ते न ऐकण्यासाठी कान बिघडावे लागत नाहीत.

प्रकाश पाडला किसनरावांनी. खराडीच्या पलीकडे, आता महापालिकेत आलेल्या एका गावातले हे जमीनदार. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, पण माळ गळ्यातच राहिली. नातवाच्या बारशाला त्यांनी आमचा कार्यक्रम ठेवला होता. भर दुपारी, मांडवात. कार्यक्रम सुरू झाल्यावर हा पांढऱ्या टोपीचा माणूस एकदा समोर जाऊन बसला, मग उठून माझ्या बाजूला स्टेजच्या पायरीवर येऊन बसला, पुन्हा समोर गेला, पुन्हा आला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मध्यंतरात त्यांनी मला स्वतः चहा आणून दिला.

"ताई, राग मानू नका," ते हळूच म्हणाले. "पर तुमची बोटं येक वाजवत्यात आन् कर्ण्यातनं दुसरंच येतंय."

"म्हणजे?"

"म्या चाळीस वर्सं भजनात पेटी धरतुय. माझी नजर गाणाऱ्याकडं न्हाय, वाजवणाऱ्याच्या हाताकडं जाती. हितं पायरीवर बसलं की तुमचं ऐकू येतंय. फुडं जाऊन बसलं की तुमचं न्हायच. मगाशी तुमी येक जागा गाळली. फुडं ती पुरी वाजली. कुनी वाजवली?"

त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. पेटीवाल्याने पेटीवाल्याला विचारावं तसं विचारलं होतं, आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं.

इथे थोडं समजावून सांगते. स्टेजवर वाजवणाऱ्याला समोरच्या मोठ्या स्पीकरमधून स्वतःचं नीट ऐकू येत नाही, कारण त्यांची तोंडं प्रेक्षकांकडे असतात. म्हणून त्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर ठेवतात, तोंड त्याच्याकडे करून. तो मॉनिटर. साउंडवाल्याच्या मिक्सरवर प्रत्येक वाद्याचे दोन वेगळे रस्ते असतात, एक मॉनिटरकडे जाणारा आणि एक बाहेर लोकांकडे. बाहेरच्या रस्त्यासाठी एक सरकती पट्टी असते. ती खाली ओढली की लोकांना काहीही ऐकू येत नाही, पण वाजवणाऱ्याला पायाशी आपला आवाज खणखणीत येत राहतो. त्याला कळायला काही मार्ग नाही.

मी चहा तसाच ठेवला आणि मांडवाच्या टोकाला संतोषच्या टेबलापाशी गेले. संतोष आमचा साउंडवाला, चाळिशीचा, अबोल. तो जिलबी आणायला गेला होता. मिक्सरवर प्रत्येक पट्टीखाली कागदी चिकटपट्टी लावून त्याने पेनने नावं लिहिली होती. मानसी, सर म्हणजे श्रीकांत, ट्रॅक, आणि शेवटी काकू. बाकीच्या पट्ट्या कुठे मधे, कुठे वर होत्या. 'काकू'ची तळाला टेकली होती.

आमच्या खात्यात कॉल जोडून दिल्यावर मी दिवसातून शंभर वेळा विचारायचे, "आवाज पोचतोय का?" नोकरीच ती होती. इथे मी दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं.

संतोष जिलबीची ताटली घेऊन आला आणि मला बघून जागीच थांबला.

"ही पट्टी कधीपासून खाली आहे?"

"मॅडम, मला सर सांगतात तसं मी करतो."

"कधीपासून, ते विचारलं."

"तो मार्केट यार्डाचा पहिला प्रोग्रॅम झाला ना, त्याच्या पुढच्यापासून."

उरलेला कार्यक्रम मी वाजवला. का वाजवला, मला माहीत नाही. कोणी पाय धरून ठेवावेत तशी मी तिथेच उभी राहिले. किसनराव पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होते. ते एकटेच माझे श्रोते.

दोन दिवसांनी मी श्रीकांतच्या घरी गेले. स्वारगेटच्या मागे तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर आहे, खिडकी उघडली की एसटीच्या हॉर्नमुळे बोलता येत नाही. त्याने खिडकी लावून घेतली, तेव्हाच मला कळलं, संतोषने त्याला सांगितलेलं आहे.

"बारा कार्यक्रम, श्रीकांत."

"मला माहितेय."

"माझी पट्टी खाली ओढून मला तिथे उभी करायचास. का?"

त्याने खिडकीची कडी पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाला, "मानसीने सांगितलं होतं, एकतर त्या, नाहीतर मी. तिच्यावर ग्रुप चालतो, उज्ज्वला."

"मग मला काढायचं."

"कसं काढणार? मीच बोलावलं होतं ना तुला. तू किती खूश होतीस. रोज चार तास बसतेस, हे तूच सांगितलंस. त्या बाईला मी तोंड वर करून सांगू, की तुझी बोटं आता चालत नाहीत?"

"हो. तेच सांगायचं होतं."

"आणि खरं सांगायचं तर," तो खाली बघत म्हणाला, "स्टेजवर पांढऱ्या केसांची बाई कीबोर्ड वाजवताना दिसली की लोकांना सगळं लाइव्ह वाटतं. बोलावणारेच विचारतात, त्या काकू येणार आहेत ना?"

दया आणि सोय, दोन्ही एकाच पिशवीत घालून त्याने माझ्या हातात दिली. कुठली आधी काढू, ते मला समजेना. मला ओरडायचं होतं, पण त्याच्या बायकोने पोहे आणून ठेवले आणि त्यावर खोबरं घालू का म्हणून विचारलं. मी घाला म्हटलं.

आमच्या जुन्या वाद्यवृंदात एक म्हातारे व्हायोलिनवादक होते. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा मास्तरांनी भर तालमीत त्यांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, तुमचं वाजवणं आता ऐकवत नाही." आम्ही सगळे मास्तरांवर चिडलो होतो. मी तर घरी जाऊन रडले होते, आणि श्रीकांतने आठवडाभर मास्तरांशी बोलणं टाकलं होतं. आता वाटतं, ऐकवत नाही असं म्हणायला मास्तरांनी त्यांना निदान ऐकलं तरी होतं.

पोहे संपल्यावर मी श्रीकांतला म्हटलं, "मी जाते. पण एक गाणं मला दे. ट्रॅक बंद, मिक्सरवरची माझी पट्टी वर, पूर्ण लाइव्ह. त्यानंतर मी तोंड दाखवणार नाही."

त्याने मानसीला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "सर, फाइन, एक गाणं. पण काकूंना सांगा, प्लीज स्केल चेक करा." श्रीकांतचा फोन मोठ्या आवाजावर होता, हे तिला माहीत नव्हतं.

गुढीपाडव्याला खराडीच्या एका मोठ्या सोसायटीत पहाटगाणी होती. उजाडता उजाडता शे-दीडशे माणसं बागेत खुर्च्या टाकून बसली होती, बायका नऊवारीत, पुरुष झब्ब्यात, अर्धे डोळे मिटून. चौथं गाणं माझं. संतोषने मिक्सरवरून अंगठा दाखवला. मानसीने माझ्याकडे बघून मान हलवली. मी ट्रान्सपोजचं बटण तीनदा तपासलं, शून्यावर होतं. मूळ पट्टी, स्वतःची बोटं.

पहिला पीस मी सुरू केला आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून माझाच आवाज माझ्याकडे परत आला. इतक्या वर्षांनी मी स्वतःला बाहेरून ऐकलं. मॉनिटर पायाशी असतो, तो खुशामत करतो. भिंतीला त्याची गरज नव्हती. सूर बरोबर होते, पट्टी बरोबर होती, पण हात जड होता. जिथे व्हायोलिनचा झोत एका दमात वर चढतो, तिथे मी जिना चढत होते, कठडा धरून. करंगळीच्या शेजारच्या बोटाने दोन सूर खाल्ले. दुसऱ्या कडव्याआधीचा पीस मी इतका उशिरा संपवला, की मानसीला थांबावं लागलं. ती थांबली. तिने पुढची ओळ अर्धी मात्रा रोखून धरली, मी पोचेपर्यंत, स्वारगेटच्या चौकात एखाद्या म्हातारीला हात देऊन पलीकडे नेतात तशी. मग गायली. ती चांगली गायिका आहे. माझ्यावर रागावायला तिच्याकडे कारण होतं, आणि त्या दिवसानंतर तिच्यावर रागावायला माझ्याकडे कारण उरलं नाही.

श्रीकांतचं खरं होतं. हे मी इथे लिहिते, कारण ते त्याला तोंडावर म्हणणार नाही. माझी बोटं चालत नाहीत. पण ते मला पहिल्या कार्यक्रमानंतर कळायला हवं होतं, भर सकाळी, शुद्धीवर असताना, आणि ते कळून घ्यायचा हक्क माझा होता. दीड वर्षाची रोजची चार तासांची मेहनत त्यांनी माझ्या पायाशी ओतली आणि मी ती तुडवत उभी राहिले.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आधीच्या तीन गाण्यांना पडल्या होत्या तेवढ्याच, कमी नाहीत की जास्त नाहीत.

वायर काढता काढता मी संतोषला विचारलं, "कसं वाजलं?"

"छान झालं, मॅडम."

"आणि मागचे बारा?"

तो गोंधळला. "ते पण छान झाले होते, मॅडम." तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

मी श्रीकांतच्या ग्रुपमधून बाहेर पडले. ते कोणाला फार जाणवलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या कार्यक्रमाचं चित्र मोबाइलवर आलं, त्यात माझ्या जागी दुसऱ्या एक बाई होत्या. केस पांढरे, काठापदराची साडी, समोर कीबोर्ड. काही महिन्यांनी त्यांचाच फोन आला. सरोजताई नाव. शाळेत संगीत शिकवायच्या, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, शनिवार पेठेत राहतात. कुठल्या गाण्याचे पीसेस मी लिहून ठेवले असतील तर मिळतील का, असं विचारत होत्या. मी देते म्हटलं. त्या मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या, बोलतच सुटल्या.

"अहो, आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले. किती सांभाळून घेतात सगळे! पहिल्या कार्यक्रमात मी केवढा घोळ घातला, पण श्रीकांतजी एक शब्द बोलले नाहीत. आता सहा कार्यक्रम झाले, एक चूक नाही माझी. तुम्ही का हो सोडलंत?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. फोन कानाला तसाच धरून मी खुर्चीत बसले. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

"बोटं दुखतात हो," मी म्हटलं. "स्टेजवर तुम्हाला तुमचा आवाज नीट येतो ना?"

"अगदी स्वच्छ! मला तर माझा एकेक सूर ऐकू येतो."

"छान," मी म्हणाले.

श्रीकांतने जे दीड वर्ष केलं, ते करायला मला अर्धं मिनिट पुरलं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं, की त्यांच्या घरी हा अंक दरवर्षी येतो आणि त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणून संपादकांना मी नाही म्हटलं नाही. सरोजताई, मला फोनवर जमलं नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात उठा आणि मिक्सरपाशी जाऊन बघा.